झाडांचा डिजिटल नकाशा: कोल्हापुरात नव्यानं नोंदणी करणाऱ्यांसाठी शब्दांसह पायऱ्या

झाडं मोजायची हौस असलेली माणसं कोल्हापुरात कमी नाहीत. तालीम मंडळं आहेत, कॉलेजची मुलं आहेत, सकाळी रंकाळ्याला फेरी मारून रिकामे झालेले निवृत्त काकाही आहेत. अडतं ते सॉफ्टवेअर उघडल्यावर. लेयर, ॲट्रिब्यूट, सीआरएस, डीबीएच, जिओपॅकेज असे शब्द एकदम अंगावर येतात आणि निम्मी मंडळी तिथूनच परत फिरतात. म्हणून हे शब्द इथं कामात ज्या क्रमानं लागतात त्या क्रमानं घेतले आहेत. उदाहरणं क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर आणि त्याचं फोनवरचं भावंड क्यूफील्ड यांची आहेत, कारण दोन्ही फुकट मिळतात आणि नेटशिवाय चालतात. दुसरं ॲप वापरलंत तरी शब्द बहुतेक हेच राहतील.

प्रत्येक रकाना ठेवावा की काढावा, हे ठरवायला एक कसोटी पुरते. तुमची नोंद हातात घेऊन, तुम्हाला फोन न करता, दुसरं कुणी पुढच्या वर्षी त्याच झाडासमोर उभं राहू शकेल का? आणि तुम्ही टेप जिथं लावली होती तिथंच लावू शकेल का? महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणानं दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. तुमची हौशी नोंद त्या गणनेची जागा घेत नाही. पण एका गणनेतलं झाड पुढच्या गणनेत सापडलं पाहिजे, ही गरज दोन्हीकडे सारखीच.

पहिली पायरी: गल्ली ठरवा, मग ॲप उघडा

अख्खा प्रभाग घेऊ नका. राजारामपुरीतली एक गल्ली घ्या किंवा ताराबाई पार्कातला एक रस्ता, एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत. पेठेची हद्द आणि महापालिकेच्या प्रभागाची हद्द जुळेलच असं नाही, त्यामुळे कुठली हद्द धरली ते सुरुवातीलाच लिहून ठेवा.

आता सॉफ्टवेअरमध्ये एक *प्रोजेक्ट* तयार करा. तुमचे सगळे नकाशे, फॉर्म आणि रंगांची मांडणी एकत्र बांधून ठेवणारी ही फाइल. प्रोजेक्टमध्ये *लेयर* असतात. रस्त्यांचा एक, इमारतींचा एक, झाडांचा एक. सगळ्यात खाली उपग्रहाचं चित्र किंवा रस्त्यांचा नकाशा असतो, त्याला *बेसमॅप* म्हणतात. झाडांच्या लेयरमधलं प्रत्येक झाड म्हणजे एक *फीचर*. एकट्या झाडासाठी *पॉइंट* वापरतात, गर्द राईसाठी *पॉलिगॉन*. कंपाउंडच्या आत दाट झाडी आहे आणि आत जायची परवानगी नाही, अशा ठिकाणी पॉलिगॉन काढून अंदाजे संख्या लिहिणं हे दहा खोटे पॉइंट टाकण्यापेक्षा बरं.

दुसरी पायरी: रकाने घरी बसून ठरवा

झाडाबद्दल साठवायची प्रत्येक गोष्ट म्हणजे एक *फील्ड* किंवा *ॲट्रिब्यूट*. साध्या मराठीत रकाना. नवख्या गटाचा उत्साह इथं उतू जातो आणि चाळीस रकान्यांचा फॉर्म तयार होतो. तिसऱ्या झाडापाशी ऊन लागायला लागलं की त्यातले तीस रिकामे राहतात. दहा-बारा रकाने पुरेत.

रकान्याचा *डेटा टाइप* नीट निवडा. घेर हा आकड्याचा रकाना हवा. तिथं मजकुराचा प्रकार ठेवून कुणी ‘१५७ सेमी’ लिहिलं, कुणी ‘दीड मीटर’, तर त्यांची सरासरी कुठलंच सॉफ्टवेअर काढून देणार नाही. एकक रकान्याच्या नावातच घाला: ‘घेर सेमी’.

जिथं उत्तरं मोजकीच आहेत तिथं *ड्रॉपडाउन* द्या. नाहीतर एकाच गल्लीत कडुनिंब, कडूनिंब, लिंब आणि नीम अशी चार ‘वेगळी’ झाडं उगवतात. ड्रॉपडाउनमध्ये ‘इतर’ आणि ‘माहीत नाही’ हे पर्याय हवेतच. ते नसले की माणसं नाइलाजानं काहीतरी दाबून पुढं जातात.

*नल* म्हणजे न भरलेला रकाना. उंची मोजली नसेल तर रकाना रिकामा ठेवा, शून्य लिहू नका. शून्य हा आकडा आहे, तो सरासरीत धरला जातो आणि गल्लीतल्या झाडांची उंची कागदावर निम्मी होऊन बसते.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना *ट्री आयडी*. सॉफ्टवेअर प्रत्येक फीचरला स्वतःचा एक क्रमांक देतं, पण फाइल दुसरीकडे उतरवली की तो बदलू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. स्वतःचा आयडी बनवा: भागाचं लघुरूप, गल्ली आणि अनुक्रमांक, जसं ‘राज-०५-०१७’. हा क्रमांक एकदा दिला की त्या झाडाचाच. झाड पडलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. आयडीमध्ये झाडाचं नाव घालायचा मोह आवरा, कारण ओळख चुकली होती असं कळल्यावर आयडीच बदलावा लागतो आणि जुन्या फोटोंशी असलेला धागा तुटतो.

तिसरी पायरी: ठिकाण पकडा

प्रत्येक पॉइंटला *अक्षांश* आणि *रेखांश* असतात. कोल्हापूर साधारण १६.७० उत्तर आणि ७४.२४ पूर्व इथं आहे. हे दोन आकडे डोक्यात पक्के बसवा. एक्सेलमधून आलेली यादी नकाशावर टाकताना सॉफ्टवेअर आधी एक्स विचारतं, मग वाय. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. उलटं भरलंत तर राजारामपुरीतली झाडं नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतील. झाडं एकदम गायब झाली की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

दशांश चिन्हानंतर किती आकडे ठेवायचे? पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर, सहावा म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटर. फोनच्या जीपीएसला तेवढी नजर नसते, त्यामुळे सहाच्या पुढचे आकडे नुसती शोभा.

*सीआरएस* म्हणजे पृथ्वीवरची जागा आकड्यांत मांडायची पद्धत. फोन आणि जीपीएस ज्या पद्धतीनं बोलतात तिचं नाव डब्ल्यूजीएस ८४, आणि सॉफ्टवेअरमधला तिचा कोड ४३२६. तिच्यातले आकडे अंशांत असतात, त्यामुळे दोन झाडांतलं अंतर मीटरमध्ये काढायचं तर यूटीएम पद्धत सोयीची. आपला भाग ७२ ते ७८ पूर्व रेखांशांच्या पट्ट्यात येतो, म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर, कोड ३२६४३. नोंद ४३२६ मध्ये करा आणि मोजमापाच्या वेळी बदलून घ्या. नवख्यानं याहून खोल शिरायची गरज नाही.

खरी अडचण *ॲक्युरसी*ची. उघड्या आभाळाखाली साधा फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. मोठ्या पर्जन्यवृक्षाच्या छत्रीखाली किंवा उंच इमारतींच्या बोळात तोच आकडा दहा-पंधराच्या वर जातो. कंपाउंडच्या भिंतीलगत खोट्या अशोकाची रांग असेल आणि दोन झाडांत दोन मीटर अंतर असेल, तर जीपीएसनं घेतलेले पॉइंट एकमेकांत मिसळणारच. त्यावर तीन उपाय. पॉइंट टाकण्याआधी अर्धा मिनिट थांबून ॲक्युरसीचा आकडा खाली येऊ द्या. काही ॲप बरीच स्थानं घेऊन त्यांची सरासरी काढतात, ती सोय चालू करा. तरीही जमत नसेल तर बेसमॅपवर घराचा कोपरा, गेट, विजेचा खांब पाहून पॉइंट हातानं सरकवा, आणि ‘स्थान कसं घेतलं’ या रकान्यात ‘हातानं’ असं लिहा. हा रकाना फार थोडे गट ठेवतात. पण पुढच्या वर्षी येणाऱ्याला आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्यावरूनच कळतं.

शिवाय एक खुणेचा रकाना ठेवा, माणसांच्या भाषेतला: ‘चौकाकडून येताना डावीकडचं तिसरं, पिठाच्या गिरणीसमोर’. गिरणी बंद पडेल, पण अक्षांश, अनुक्रम आणि फोटो मिळून झाड सापडेल.

चौथी पायरी: टेप लावा

इथं घाई करू नका. बाकीचे बरेच रकाने डोळ्यांनी भरता येतात, घेर मात्र मोजावाच लागतो, आणि तो प्रत्येकानं एकाच रीतीनं मोजला तरच कामाचा.

*जीबीएच* म्हणजे छातीच्या उंचीवरचा खोडाचा घेर, *डीबीएच* म्हणजे त्याच उंचीवरचा व्यास. भारतातल्या वनमोजणीत ही उंची १.३७ मीटर धरतात, म्हणजे साडेचार फूट. काही देशांत आणि काही सॉफ्टवेअरमध्ये ती १.३ मीटर असते. आपल्या सॉफ्टवेअरची कुठली आहे ते पाहून ठेवा. एकदा भिंतीशी उभं राहून ती उंची आपल्या अंगावर कुठं येते ते बघा, शर्टाचं कितवं बटण वगैरे. मग प्रत्येक झाडाला काठी घेऊन हिंडावं लागत नाही.

मोजायचा घेर, आणि व्यास हवा असेल तर घेराला ३.१४ नं भागायचं. घेर १५७ सेंटिमीटर असेल तर व्यास ५०. ज्या रकान्यात व्यास मागितलाय तिथं घेर भरला तर झाड तिप्पट जाडीचं होतं, आणि लाकूड, कार्बन, सावली असे त्यावरून काढलेले सगळे अंदाज भरकटतात. शिंप्याची टेप जेमतेम दीड मीटरची असते आणि वापरून ताणलेली असते. जुन्या वडा-पिंपळांसाठी पाच मीटरची कापडी किंवा फायबरची टेप हवी.

आता अडचणीची झाडं, आणि कोल्हापुरात ती पावलोपावली आहेत.

पाराचा पिंपळ. पार बांधून आत माती भरली आहे, खरी जमीन दोन-अडीच फूट खाली. साडेचार फूट मोजायचे कुठून? नियम खऱ्या जमिनीपासून मोजा असं सांगतो. पाराची उंची बाहेरून मोजता येते, ती वजा करून टेप लावा. पार फार उंच असेल तर पाराच्या वरून मोजा आणि ‘घेर किती उंचीवर मोजला’ या रकान्यात ते स्पष्ट लिहा. हा रकाना फॉर्ममध्ये नसेल तर आजच घाला.

पारंब्यांचा वड. मुख्य खोडाचा घेर घ्या. जमिनीला टेकलेल्या पारंब्या म्हणजे वेगळी झाडं नव्हेत, त्यांना स्वतंत्र आयडी देऊ नका. पारंब्या खोडाला चिकटून एकजीव झाल्या असतील तर सगळ्याला मिळून टेप घाला आणि शेऱ्यात तसं लिहा.

जमिनीपासूनच दोन-तीन खोडं फुटलेलं झाड, ज्याला *मल्टिस्टेम* म्हणतात. साडेचार फुटांच्या खाली फाटा असेल तर प्रत्येक खोड वेगळं मोजा. एकच आकडा हवा असेल तर घेरांची साधी बेरीज करायची नाही. वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. ६० आणि ८० सेंटिमीटर घेराची दोन खोडं असतील तर एकत्रित घेर १०० धरला जातो, १४० नाही.

उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूच्या जमिनीपासून मोजा. नेमक्या त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा आला तर त्याच्या लगेच खाली टेप लावा. झाड कललं असेल तर टेप जमिनीला समांतर नको, खोडाला काटकोनात हवी. आणि लोखंडी ट्री-गार्ड सालीत रुतून बसलं असेल तर आकडा जबरदस्तीनं काढू नका. रकाना रिकामा ठेवा आणि गार्ड रुतल्याची नोंद करा. ती नोंद घेरापेक्षा जास्त तातडीची आहे.

*क्राउन स्प्रेड* म्हणजे छत्रीचा विस्तार. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी पावलांनी किंवा टेपनं मोजा आणि सरासरी घ्या. उंचीसाठी फोनमध्ये कोन दाखवणारं ॲप चालतं. सपाट जमिनीवर झाडाचा शेंडा ४५ अंशांत दिसेल इतकं मागं जा. मग झाडापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, इतकी झाडाची उंची. गर्दीच्या रस्त्यावर मागं सरकताना एकानं वाहनांकडे लक्ष ठेवावं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

पाचवी पायरी: नाव लिहा, पण खात्रीचा रकाना ठेवून

*स्पीशीज* या रकान्यासाठी स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव अशी जोडी आधीच यादीत बसवा, म्हणजे एक निवडलं की दुसरं आपोआप भरेल. शास्त्रीय नावंही बदलतात. पर्जन्यवृक्ष कुठं सामानिया सामान म्हणून भेटतो, कुठं अल्बिझिया सामान म्हणून. करंज कुठं पोंगामिया पिनाटा, कुठं मिलेटिया पिनाटा. दोन्ही नावं एकाच झाडाची आहेत. गटानं एक ठरवावं आणि त्यावर वाद बंद करावा.

गफलत होते ती नेहमीच्या जोड्यांत. ‘अशोक’ म्हणून लिहिलेली बहुतेक झाडं उंच सुळक्यासारखा खोटा अशोक असतात. शेंदरी फुलांचे गुच्छ येणारा सीता अशोक वेगळा. शिरीष आणि पर्जन्यवृक्ष लांबून सारखे वाटतात. शिरीषाच्या शेंगा चपट्या, पिवळट आणि वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या, तर पर्जन्यवृक्षाच्या काळपट आणि गरदार. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, बकाणा निंबाचं दोन-तीनदा. गुलमोहर आणि सोनमोहर फुलांवर नसले तर शेंगा पाहा. लांब, जाड, लाकडी पट्टी दिसली तर गुलमोहर, बोटभर तांबूस पातळ शेंग दिसली तर सोनमोहर.

शेजारी ‘ओळख’ हा ड्रॉपडाउन ठेवा: खात्रीची, अंदाजे, अनोळखी. अनोळखी लिहिण्यात कमीपणा काही नाही. पान दोन्ही बाजूंनी, साल, फूल किंवा फळ आणि पूर्ण झाड असे फोटो असले की जाणकार घरबसल्या सांगू शकतात. शिवाजी विद्यापीठात आणि शहरातल्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्राची माणसं आहेत. त्यांच्याकडे फोटो घेऊन जा, नुसतं वर्णन घेऊन नको.

सहावी पायरी: प्रकृती लिहा, निकाल देऊ नका

*कंडिशन* हा झाडाच्या प्रकृतीचा रकाना: चांगली, मध्यम, वाईट, मृत. ‘मृत’ दाबण्याआधी महिना कुठला ते आठवा. काटेसावर, पांगारा, गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण होतात आणि नवखा नोंदकर्ता त्यांना मारून टाकतो. बारीक फांदीची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

*रिस्क* हा शब्द मात्र जपून वापरा. झाडशास्त्रात धोका म्हणजे तीन गोष्टी मिळून: झाड किंवा फांदी मोडण्याची शक्यता, मोडलं तर खाली कोण किंवा काय आहे, आणि त्याचं किती नुकसान होईल. बागेच्या निर्मनुष्य कोपऱ्यातलं पोकळ झाड आणि रिक्षा स्टॉपवरचं तसंच झाड यांचा धोका सारखा नाही. हे ठरवायला प्रशिक्षण लागतं. माझं स्पष्ट मत आहे की हौशी गटाच्या फॉर्ममध्ये ‘धोकादायक: हो/नाही’ असा रकाना असूच नये. कुणीतरी घाईत ‘हो’ दाबतं आणि तोच कागद पुढं झाड तोडायच्या अर्जाला जोडला जातो. त्याऐवजी *डिफेक्ट* म्हणजे दिसणारे दोष नोंदवा: ढोली, खोडावरची भूछत्रं, उकललेली साल, वाळकी मोठी फांदी, बुंध्यापर्यंत आलेलं काँक्रीट, ठोकलेले खिळे, फांद्यांतून गेलेल्या तारा. जे दिसलं ते, आणि त्याचा फोटो.

सातवी पायरी: झाड एकदा, भेटी अनेक

ज्या गटांचं काम पहिल्या उन्हाळ्यानंतरही टिकतं त्यांच्याकडे बहुधा दोन तक्ते असतात. एक झाडांचा: आयडी, ठिकाण, जात. दुसरा भेटींचा: तारीख, कुणी मोजलं, घेर, प्रकृती, दोष, फोटो. दोन्ही तक्ते ट्री आयडीनं जोडायचे. या जोडणीला *रिलेशन* म्हणतात. असं केलं की पुढच्या वर्षीचा घेर जुन्यावर न लिहिता त्याच्या खाली जातो आणि झाड किती वाढलं ते दिसतं. एकाच तक्त्यात काम केलंत तर दर वर्षी जुना आकडा पुसला जातो.

*स्टेटस* हा रकाना झाडांच्या तक्त्यात हवा: उभं, पडलेलं, तोडलेलं, नुसता खुंट, रिकामं आळं. झाड गेलं म्हणून फीचर डिलीट करू नका. स्टेटस बदला. या रस्त्यावर इथं करंज होता आणि आता आळं रिकामं आहे, हे सांगणारा पुरावा तोच असतो, आणि नवीन रोप कुठं लावायचं तेही त्यावरूनच ठरतं.

कायद्यातले दोन शब्द इथं लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अंदाजे ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड *हेरिटेज ट्री* धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं भरपाई म्हणून लावायची असतात. त्यामुळे ‘वय’ हा रकाना वजनदार झाला आहे. पण घेरावरून वय काढायचं एकच सूत्र सगळ्या जातींना लावू नका. पर्जन्यवृक्ष झपाट्यानं फुगतो, चिंच सावकाश वाढते. वयाशेजारी ‘वयाचा आधार’ लिहा: वृक्षारोपणाची पाटी, जुना फोटो, शेजारच्या आजोबांची आठवण. *जिओटॅगिंग* म्हणजे फोटोला किंवा नोंदीला अक्षांश-रेखांश चिकटवणं. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून ही माहिती गळून पडते, म्हणून मूळ फोटो जपा.

आठवी पायरी: फाइल सांभाळा

क्यूफील्डमध्ये साठवण्यासाठी *जिओपॅकेज* वापरा. सगळे लेयर एकाच फाइलमध्ये राहतात. जुन्या कार्यालयांत *शेपफाइल* मागतात. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात, आणि देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट खातं. म्हणजे ‘घेर सेमी’ हे नाव तीन चिन्हांतच संपतं. रकान्यांची नावं रोमन लिपीत छोटी ठेवा, आणि फॉर्मवर दिसणारं नाव, ज्याला *एलियास* म्हणतात, ते मराठीत द्या. गूगल अर्थवर दाखवायला *केएमएल*, एक्सेलसाठी *सीएसव्ही*. सीएसव्हीमधली मराठी एक्सेलमध्ये चौकोन-चिन्हं झाली तर फाइल ‘इम्पोर्ट’ मार्गानं उघडा आणि यूटीएफ-८ निवडा.

*सिंक* म्हणजे फोन आणि संगणकावरच्या नोंदी एकसारख्या करणं. ते रोज संध्याकाळी करा. क्यूफील्डमध्ये फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि फाइलमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो. नुसती जिओपॅकेज फाइल मित्राला दिलीत तर त्याला फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. पूर्ण फोल्डर द्या.

गल्ली पूर्ण झाली की दुसऱ्या जोडीला पहिल्या जोडीची थोडी झाडं पुन्हा मोजायला सांगा, आयडी आणि नकाशा एवढंच देऊन. झाड सापडलं का, जात तीच आली का, घेरात किती फरक पडला, ते पाहा. दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतात. दहाचा फरक आला तर टेप वेगळ्या उंचीवर लागली आहे, पुन्हा एकत्र उभं राहून मोजा.

नकाशा सगळ्यांना खुला करण्याआधी एक वेगळी प्रत काढा आणि तिच्यातून खासगी कंपाउंडच्या मालकांची नावं, फोन नंबर आणि घरांचे दरवाजे दिसणारे फोटो वगळा. चंदनाच्या झाडांचं नेमकं ठिकाणही त्या प्रतीत ठेवू नका.